कोरडे तांदूळ

तोंडावरून माणूस ओळखता येतो, असं म्हणणाऱ्या एका गृहस्थाला नजमाआपांनी दवाखान्यातून बाहेर काढलं होतं. हात धरून नव्हे, नुसतं दाराकडे बोट दाखवून. गृहस्थ रियाधहून आलेला, बँकेत बऱ्यापैकी वरच्या जागेवर, आणि तो पेशंटही नव्हता. पेशंट होता त्याचा मित्र, समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारा सहाफुटी इंजिनिअर. इंजेक्शनची सुई दिसली मात्र, त्याचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे फिरले आणि शुद्ध गेलीच. आपांनी खुर्ची मागे आडवी केली, त्याचे पाय उंच केले, गळ्याची गुंडी सोडली. दोन मिनिटांत गालावर रंग परत आला. तेवढ्यात हा बँकवाला दारातून हसत म्हणतो, मी तोंड बघून माणूस ओळखतो डॉक्टर, हा पहिल्यापासूनचा भित्रा.

आपांनी सुई ताटलीत ठेवली. भर वादळात शिडीला लटकून काम करणारा माणूस भित्रा आणि थंडगार खोलीत बसून सह्या ठोकणारा शूर, हे कुठल्या तोंडावर लिहिलंय ते मला दाखवा, असं त्याला विचारलं. मग बोट दाराकडे गेलं. इंजिनिअरची दाढ निघाली आणि तो जाताना दोनदा माफी मागून गेला. माफी कसली मागताय, म्हणून आपा त्याच्यावरही ओरडल्या.

मी तेव्हा सौदीतल्या अल-खोबरच्या त्या दवाखान्यात दातांच्या खोलीत मदतनीस होते. मूळची साताऱ्याची. आमचे हे एका कंपनीत ड्राफ्ट्समन. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून मी नोकरी धरली. हत्यारं उकळायची, कापूस पुरवायचा, पेशंटची थुंकी ओढणारी नळी धरायची. पहिल्याच दिवशी डॉक्टर नजमा परकारांनी मला सांगितलं, पेशंटसमोर डॉक्टर म्हण, एरवी आपा म्हण, आणि ‘मॅडम’ म्हणालीस तर नोकरी गेली समज. बाई राजापूरकडची, मुंबईत शिकलेली, पन्नाशीला टेकलेली, बुटकी आणि रुंद. नवऱ्याचं जेद्द्याला बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, अत्तराचं लहानसं दुकान. मुलं मुंबईला शिकत होती. नवरा लाल समुद्रावर, बायको आखातावर आणि मधे सगळं वाळवंट. आमचा संसार टेलिफोनच्या तारेवर चाललाय, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

स्वभाव म्हणाल तर तिखट. चहा कधी अर्ध्यापलीकडे प्यायल्या नाहीत, कारण अर्ध्यावर कुणावर तरी रागवायची वेळ यायचीच. मी नळी जरा चुकीची धरली की हातावर टपली बसायची. स्वतःची चूक झाली तर मात्र बाई दिवसभर कुणाशी बोलायची नाही. मला दोन्हीचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

पण पेशंट खुर्चीत बसला की त्या आधी त्याच्या तोंडात बघत नसत, चेहऱ्यावर बघत. मग ओठ. मग हिरड्या. हिरडीवर बोट दाबायच्या, उचलायच्या आणि तिथला पांढरा ठिपका पुन्हा गुलाबी कधी होतो ते बघत राहायच्या. बधिर करायचं इंजेक्शन दिलं की औषधाने हिरडी पांढरी पडायची. तेव्हा मला जवळ बोलवायच्या, बघ सुमन, रक्त मागे गेलं, आता परत बोलवायचं म्हटलं तरी यायचं नाही. स्टीलच्या डबीत लिंबाच्या फोडी कापून ठेवलेल्या असत. भेदरलेलं, तोंड सुकलेलं पोर आलं की आधी फोड हुंगायला द्यायच्या. पोराच्या तोंडाला पाणी सुटे, ओठ भरून लाल होत, आणि मगच त्या आरसा हातात घेत.

काम नसलं की मला शिकवायच्या. चेहऱ्याकडे आणि तोंडाकडे दोन तऱ्हेच्या नसा येतात म्हणे. एक मानेतून वर चढते आणि जास्त करून रक्ताची वाट आवळते. दुसरी मेंदूतून खाली उतरते, ती वाट मोकळी करते आणि थुंकीचा झराही तीच सोडते. माणूस घाबरला की पहिलीचा जोर होतो, दुसरी दबते. तोंड पांढरं पडतं, जीभ टाळूला चिकटते. लाजला, चिडला, तिखट खाल्लं, ताप चढला की चेहऱ्यावर रक्त येतं. आणि ह्यातलं एकही काम आपल्या हुकमाने होत नाही. हात वर कर म्हटलं की हात वर होतो. गाल लाल हो म्हटलं तर होत नाही आणि होऊ नको म्हटलं तर हमखास होतो. हे सांगून झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. “तोंड आपलं असतं गं, तोंडावरचं रक्त आपलं ऐकत नाही.”

एकदा एक आई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला दाढेला भोक पडलं म्हणून घेऊन आली. काम चालू असताना तिने कौतुकाने सांगितलं, की वर्गात कुणीतरी बाईंच्या पर्समधलं पेन पळवलं, बाईंनी सगळ्यांना उभं केलं, तर आमच्या हिचं तोंड लाललाल झालं. बाईंनी बरोबर ओळखलं, घरी आल्यावर मीही दोन ठेवून दिल्या. आपांनी ड्रिल बंद केलं. मुलीला विचारलं, तू घेतलंस? तिकडच्या शाळांतल्या मुलींसारखी ती इंग्रजीत म्हणाली, “नो आंटी. आय जस्ट गो रेड.” एवढं बोलतानाही ती कानापर्यंत लाल झाली होती. आपांनी दाढ भरली, हात धुतले आणि दवाखान्याच्या छापील कागदावर शाळेच्या नावाने सर्टिफिकेट लिहून दिलं, की ह्या मुलीचा चेहरा लाल होतो, ह्याचा अर्थ ह्या मुलीचा चेहरा लाल होतो एवढाच आहे. खाली सही, शिक्का. आई म्हणाली, असलं कुठे सर्टिफिकेट असतं का. आपा म्हणाल्या, आजपासून असतं.

मग कुवेत इराकच्या हातात गेलं, आमच्याकडे परदेशी फौजा येऊन बसल्या आणि एक्याण्णवच्या जानेवारीत लढाई सुरू झाली. आमच्या खिडक्यांना चिकटपट्ट्यांचे फुलीसारखे पट्टे लागले. भोंगा वाजला की सगळ्यांनी एका बंद खोलीत जायचं आणि मास्क लावायचे, कारण क्षेपणास्त्रातून विषारी वायू सोडतील अशी भीती होती. मास्क कुणाला मिळाले? ज्यांच्या नावामागे हुद्दा होता त्यांना. ज्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात कुलपात होते, ज्यांना पळून जाणंही शक्य नव्हतं, त्यांनी ओला टॉवेल नाकाला लावायचा म्हणे. आमच्या ह्यांना असा सल्ला टाइप करून मिळाला होता. तो कागद मी कित्येक वर्षं ठेवला होता, रागाने.

दवाखान्यातले निम्मे डॉक्टर ‘रजेवर’ गेले. आपा राहिल्या. लोकांचे दात लढाईसाठी थांबत नाहीत, एवढंच कारण दिलं. हळूहळू दातांच्या खोलीत सगळंच यायला लागलं: ताप, खोकला, हगवण, रडणाऱ्या बायका. मी दातांची डॉक्टर आहे, असं त्या प्रत्येकाला बजावायच्या आणि मग तपासायच्या.

अशातच एक दिवस रफीक आला. रत्नागिरीकडच्या खाडीवरच्या एका गावचा, तिशीच्या आतला, प्लंबर. दम्मामच्या रस्त्यावर एका बांधकाम कंपनीचा कँप होता, तिथे राहायचा. बत्तीस माणसं, बहुतेक आसपासच्या गावांतली. पहिला भोंगा वाजल्यापासून त्याच्या पोटात मुरडा उठत होता, अन्न ठरत नव्हतं. आपांनी मुरड्याच्या गोळ्या लिहिल्या, मी त्या पाकिटात घातल्या आणि वर सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहिलं. ह्या गोळीने तोंड सुकतं, कधी चेहरा तापून लाल होतो, घाबरायचं नाही, पाण्याचे घोट घ्यायचे, हे आपा प्रत्येकाला सांगत. त्या दिवशी त्या तोंड उघडणार एवढ्यात भोंगा झाला. आम्ही सगळ्यांनी स्वतःला क्ष-किरणाच्या खोलीत कोंडून घेतलं, कारण तिला खिडकी नव्हती. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा जो तो आपल्या वाटेने पळाला. रफीकही गेला.

पाच दिवसांनी त्याचा चुलतभाऊ सत्तार आला. आत येऊन बसला आणि त्याला बोलताच येईना. आपांनी त्याला लिंबू-पाणी पाजलं आणि थोडं थोडं करून सगळं बाहेर काढलं. कँपला कंपनीने सात मास्क दिले होते. बत्तीस माणसांना सात. ते हसन मुकादमाच्या खोलीत खिळ्यांना टांगलेले असत आणि कुणी कधी वापरायचे हे तो ठरवी. एके सकाळी सातातला एक नव्हता. मुकादम गावातल्या चार मानाच्या माणसांपैकी एक. त्याने गावची रीत काढली. घरात काही हरवलं की संशयातल्या माणसांना मूठभर कोरडे तांदूळ चावायला द्यायचे. आधी त्यावर काहीतरी पुटपुटायचं. चावून कागदावर थुंकायचं. ज्याचा भिजून लगदा झाला तो खरा. ज्याचे कोरडेच पडले तो चोर. एकतीस जणांचे भिजले, रफीकचे कोरडे पडले. वर त्याचं तोंड तांबडंलाल झालेलं. मुकादम म्हणाला, दोन साक्षी झाल्या. त्याने ऑफिसला कळवलं. ऑफिसने रफीकला कायमचं परत पाठवायचं ठरवलं, सोमवारच्या बसने जेद्द्याला आणि तिथून पुढे मुंबईला. लढाईत माणसं कमी करायचीच होती त्यांना, फुकटचं निमित्त मिळालं.

आपा आधी नेहमीसारख्या भडकल्या. हे कुठल्या धर्मात लिहिलंय, कुठल्या कायद्यात लिहिलंय, मास्क पळवणारा जाऊदे, हे तांदूळवाले आधी परत पाठवा. माझ्या माहेरच्या गावातही हा गाढवपणा चालायचा. मग सत्तार सहज म्हणाला, की रफीकची जीभ तर त्या दिवसांत लाकडासारखी झाली होती, पाणी पिऊनसुद्धा बोलता येत नव्हतं. आपा बोलायच्या थांबल्या. मला म्हणाल्या, नोंदवही काढ. मी काढली. त्यांनी तारीख बघितली, गोळीचं नाव बघितलं आणि वही मिटली.

“सुमन, मी त्याला सांगितलं नव्हतं.”

भोंगा झाला होता आपा, मी म्हटलं. भोंगा झाल्यावर अर्धा तास आपण त्याच खोलीत होतो, त्या म्हणाल्या, तेव्हा माझी जीभ काय गहाण होती? तो माणूस आमच्या शेजारी उकिडवा बसून होता आणि आम्ही सगळे छताकडे बघत होतो, हे मला आठवत होतं.

त्यांनी त्याच कपाटातून तीच बाटली काढली. दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि एका घोटात गिळल्या. त्यानंतर पाणी नाही, चहा नाही. माझ्या ह्यांना फोन करायला सांगितला, गाडी घेऊन या. बाईमाणसाने पुरुषांच्या कँपात जायचं म्हणजे तिकडे केवढं प्रकरण, हे ह्यांनी फोनवर तीनदा सांगितलं. आपांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, मी डॉक्टर आहे, पेशंट बघायला जातेय, आणि तुम्ही नाही आलात तर टॅक्सीने जाईन, मग केवढं प्रकरण होईल ते बघा. हे वीस मिनिटांत हजर झाले.

रस्त्यावर लष्करी ट्रकांची रांग होती. पोहोचेपर्यंत दोन वाजून गेले. आपांचे डोळे काळेभोर दिसायला लागले होते, गाल तापले होते, शब्द तोंडात अडकत होते. कँपच्या दारात रफीक एका उलट्या बादलीवर एकटा बसला होता. शेजारी त्याची थाळी, वेगळी काढलेली. तांदूळ चावल्यापासून त्याच्या पंगतीला कुणी बसलं नव्हतं. एकाच गावची, एकमेकांच्या लग्नात नाचलेली माणसं. आजही ते आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

हसन मुकादम खरं तर वाईट माणूस नव्हता. साठीचा, पांढरी दाढी, हाताला कामाचे घट्टे. त्याने आपांसाठी जेवणघरात खुर्ची मागवली, पोरांना अदबीने उभं राहायला सांगितलं. मला त्याला वाईट ठरवता आलं असतं तर फार सोपं गेलं असतं.

आपा बसल्या नाहीत. तुमचे तांदूळ आणा म्हणाल्या, मंतरलेले, त्याच डब्यातले. मुकादम घुटमळला. मग डबा आला. आपांनी मूठभर तांदूळ तोंडात टाकले आणि चावायला लागल्या. त्यांचा जबडा हलतोय, गळ्याची शीर ताणतेय आणि तांदूळ नुसते कुरकुरतायत. मग त्या वाकल्या आणि वर्तमानपत्रावर थुंकल्या. पांढरे, फुटके, कोरडे ठणठणीत दाणे. एक कागदावरून घरंगळून मुकादमाच्या चपलेपाशी गेला.

“घ्या,” आपा म्हणाल्या. जीभ जड झाली होती, तरी एकेक अक्षर त्यांनी नीट काढलं. “मी चोर. ऑफिसला कळवा.”

मग त्यांनी गोळीचं सांगितलं, आणि सांगायला विसरले ती मी, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. ती बाई आयुष्यात चारचौघांसमोर चूक कबूल करताना मी तेवढं एकदाच पाहिली. मग स्वतःच्या गालाला बोट लावलं. माझं तोंड लाल झालंय ना? ही लाली गोळीची, उन्हाची, लाजेची, का तुमच्यावरच्या रागाची, ते मला ओळखून सांगा. तुम्ही तोंड वाचणारी माणसं, वाचा. सगळी माणसं खाली बघत राहिली.

मुकादमाने मात्र मान वर केली. “म्हंजे गोळी नसती घेतलान तर तांदूळ खरा होता ना, बाय?”

मला वाटलं, आता ह्या त्याच्या अंगावर जातात. पण त्या त्याच्या शेजारच्या बाकावर बसल्या, पहिल्यांदाच. भोंगा वाजतो तेव्हा कुणाकुणाचं तोंड सुकतं, हात वर करा, म्हणाल्या. कुणीच करेना. मग म्हाताऱ्या आचाऱ्याने केला. मग एकेक करत सगळे हात वर गेले. शेवटचा मुकादमाचा. गोळी करते तेच भीती करते, आपा म्हणाल्या. भीतीला काय कळतं, ही बाँबची की चोर ठरण्याची? आणि चोर ठरण्याची भीती जास्त कुणाला, चोराला का इज्जतदार माणसाला? सराईत चोर तुमचे तांदूळ मजेत चावून खाईल, वर आणखी मागेल.

मुकादमाने चपलेपाशी पडलेला दाणा उचलून कागदावर ठेवला. मग म्हणाला, माझ्या बापाने हेच केलान, आजाने हेच केलान. आईची कानातली गेली होती तेव्हा घरात मी थोरला होतो, मीच तांदूळ वाटले. धाकट्या भावाचे कोरडे पडले. दुसऱ्या दिवशी तो बोटीने गेला, तो आजतागायत आला नाही. आई त्याच्या नावाने वाट बघत गेली. एवढं सांगून त्याने आपांना विचारलं,

“बाय, त्याचा पण तोंड भीतीनंच सुकला आसंल काय?”

“असेल,” आपा म्हणाल्या.

दुसरा एखादा शब्द त्यांनी बोलायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. मुकादम उठला, बाहेर गेला, रफीकला त्याच्या थाळीसकट आत घेऊन आला आणि त्याच्या समोर बसून त्याच थाळीत जेवला. रफीकला मात्र घास गिळवत नव्हता. तो नुसता रडत होता आणि आपा त्याला पाणी पी, पाणी पी म्हणून ओरडत होत्या. स्वतःही तेव्हाच प्यायल्या, अख्खा तांब्या.

मग मुकादम आणि आपा, दोघं ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर कुठल्या देशाचा ते सांगत नाही. असली माणसं सगळ्या देशांत पिकतात. म्हाताऱ्याने हात जोडून सांगितलं, माझी चूक झाली, पोरगा साफ आहे. मॅनेजर हसला. मला तुमच्या तांदळाशी काय करायचंय, म्हणाला, पासपोर्टवर परतीचा शिक्का पडलाय, खलास. शिक्का मारताना तांदूळ चालले, पुसताना चालेनात. आपांनी त्याला जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. बस सोमवारी सुटली आणि रफीक गेला. मुकादमाने गावच्या जमातीच्या पंचांना चिठ्ठी लिहून दिली, की रफीकने काही घेतलं नाही, माझी चूक. खाली सही आणि सहीवर विश्वास नको म्हणून अंगठाही.

आणि मास्क? तो आठवडाभराने सापडला. मॅनेजरच्या दुसऱ्या गाडीच्या डिकीत. एक मास्क त्याच्याकडे होताच. पण दुसऱ्या गाडीतून जाताना भोंगा झाला तर काय, म्हणून त्याने ड्रायव्हरला कँपातून एक आणायला सांगितलं होतं. ड्रायव्हरने खिळ्यावरचा काढून नेला. मजुरांना कळवायला हवं, असं कुणालाच सुचलं नाही. साहेबाला कुणी तांदूळ चावायला दिले नाहीत. साहेबाचं तोंड लाल झालं की पांढरं, तेही कुणी बघितलं नाही.

लढाई संपली. कुवेतच्या विहिरी पेटलेल्या होत्या. वारा फिरला की खोबरवर काळा धूर यायचा आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने आपांना बोलावून घेतलं. पुरुषांच्या कँपात गेल्याबद्दल तक्रार आली होती. माफीचं पत्र द्या, म्हणजे करार पुढे वाढवू. आपांनी पत्र दिलं. मी कुठे गेले, कशासाठी गेले, काय खाल्लं आणि काय थुंकलं हे सगळं त्यात क्रमाने लिहिलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, की गरज पडली तर पुन्हा जाईन. करार वाढला नाही. एवढी वर्षं राबलेल्या बाईला निरोपाचा चहासुद्धा कुणी दिला नाही. मी दिला, घरून करून नेला, आणि तो मात्र त्यांनी पूर्ण प्यायला.

आता त्या जेद्द्याला जाणार होत्या, नवऱ्याकडे. सामान बांधून झालं होतं. तेवढ्यात सत्तार घरून आलेलं पत्र घेऊन आला. मुकादमाची चिठ्ठी जमातीत वाचली गेली होती. लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हाताऱ्याला पोराची दया आली असणार, तांदूळ कधी खोटं बोलतात का? रफीकचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पोरं त्याला रस्त्यात ‘मास्क’ म्हणून हाका मारत होती. तो महिनाभर घराबाहेर पडला नव्हता आणि त्याची आई सत्तारला लिहीत होती, की हा बोलायचाच बंद झालाय.

आपांनी पत्र दोनदा वाचलं. जेद्द्याला फोन लावला. नवऱ्याला सांगितलं की मी आधी मुंबईला जातेय. तिकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, मुलांना भेटेन, पण परतताना. पलीकडून त्याने चिठ्ठी पाठव म्हटलं असावं. मग आपा म्हणाल्या, “नाही, चिठ्ठीने होणार नाही. बघितल्याशिवाय ती माणसं ऐकायची नाहीत.”

विमानं पुन्हा सुरू झाली होती. त्यांना पोचवायला मीच गेले, ह्यांच्या गाडीने. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत. विमानतळावर घरी निघालेल्यांची तोबा गर्दी, दोन महिने अडकलेली माणसं, गाठोडी, रडारड. आपा त्या गर्दीत रांगेत उभ्या, अबायाचा काळा झगा खांद्यावरून घसरलेला, एका हातात पासपोर्ट. रांग पुढे सरकली, फाटक जवळ आलं आणि त्या एकदम मागे वळून माझ्या नावाने ओरडल्या. मला वाटलं, काही विसरलं की काय. मी दोरीखालून पुढे गेले.

सांगितलेलं आणलंस ना, असं विचारलं. मी पर्समधून पाकीट काढून दिलं. दवाखान्याच्या कपाटातलं, मुरड्याच्या गोळ्यांचं. त्याची किंमत मी व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवून आले होते. त्यांनी ते उघडून बघितलं, गोळ्या मोजल्या, पदराआड ठेवल्या. एवढ्या कशाला आपा, मी म्हटलं, तुम्हाला दोन पुरतात.

“मला दोन,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या जमातीच्या पंचांना. तांदूळ तिथे मिळतील.”